पाठराखीण मागं राहिली

आधी शकूताईचं नाव घेते, मग बाकीचं. हे लिहायला बसायच्या आधीच मनाशी ठरवलं होतं, की पुढं काही नीट उतरलं नाही तरी चालेल, पण सुरुवातीला तिचं नाव यायला हवं. शकुंतला, माझ्या मावशीची मुलगी, पाथरीच्या गिरणीवाल्यांची शकू. आज मी चिखलदऱ्याच्या वसतिगृहात ज्या खोलीत राहते, ज्या स्वयंपाकघरात माझं सगळं वय गेलं, इथल्या मुली मला ज्या मानानं मावशी म्हणून हाक मारतात, ते सगळं तिच्यामुळं. तिनं केलं ते ऐकायला एवढंसंच आहे. एका प्रवासाहून ती माझ्याशिवाय घरी परत गेली. पण तसं परत जाणं म्हणजे काय होतं, हे आमच्याकडच्या बायकांनाच कळेल. आणि हेही आत्ताच लिहून टाकते, की उभ्या आयुष्यात मी कुणावर सगळ्यात जास्त जळले असेन तर ती याच शकूताईवर. ती हे वाचणार आहे. वाचून हसेल का तोंड फिरवेल, या काळजीनं मी वही दोनदा मिटली आणि पुन्हा उघडली. सातवी झालेल्या बाईनं लिहायला घेतलं की अशी धाकधूक सुटत नाही. शुद्धलेखनाची तर आहेच, वर माणसांचीही.

आमच्या गावाकडं, येलदरीच्या धरणाच्या पाण्याला लागून, शाळा सातवीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तर कुणाच्या तरी घरी राहणं आलं. मावशीनं आपणहून मला पाथरीला आणलं, आठवीत नाव घातलं, शकूताईच्या मागच्या वर्षीच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालून दिली. काकांची पिठाची गिरणी घराच्या पुढच्या खोलीतच होती. गिरणी सुरू झाली की फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे आणि लाईट गेली की घर एकदम बहिरं झाल्यासारखं व्हायचं. मग आपण इतका वेळ ओरडून बोलतोय हे ध्यानात यायचं. काकांच्या भुवया कायम पांढऱ्या. ज्वारी दळायलेत का गहू, हे मागच्या दाराला बसून वासावरून सांगता यायचं. मला ते घर आवडलं होतं. शाळाही आवडली होती. आणि मग दिवाळीनंतर एक दिवस मावशी गिरणीच्या पायरीवर सांडलेल्या पिठावरून घसरली आणि तिची कंबर गेली. डॉक्टरनं वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. शकूताईचं दहावीचं वर्ष तोंडावर आलेलं. मावशी माझा हात हातात घेऊन म्हणाली, चार दिवस राहू दे शाळा, कौसा, मला उठून बसू दे, मग जा. तिच्या मनात खोट नव्हती. पण ते चार दिवस काही संपले नाहीत.

मला कुणी छळलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. निदान रडायला कारण मिळालं असतं. मावशी चारचौघींत सांगायची, माझी कौसा म्हणजे माझे दोन्ही हात. काका बाजारातून शकूताईला रिबिनी आणायचे तर मलाही आणायचे. पण तिच्या रिबिनी पांढऱ्या, शाळेच्या. माझ्या लाल, नुसत्या हौसेच्या. तिच्या त्या पांढऱ्या रिबिनी मीच रोज संध्याकाळी धुवायची, नीळ घालून, आणि भिंतीला चिकटवून वाळवायची म्हणजे इस्तरी केल्यासारख्या कडक व्हायच्या. सकाळी ती त्या बांधून निघाली की मी दळणाचे डबे ओळीनं लावता लावता तिच्या पाठीकडं बघत राहायची. संध्याकाळी ती मोठ्यानं पाठ करायला बसायची, मी चुलीपुढं भाकरी थापायची, आणि तिची एखादी ओळ अडखळली की माझ्या तोंडात ती आधी यायची. मी ती ओठांतल्या ओठांत गिळून टाकायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांद्याची पात. रविवारी दळणाची गर्दी असली की सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना भरपूर फोडणी. ती पुस्तकावरची नजर न काढता खायची आणि म्हणायची, कौसा, आज लय भारी झालंय. मला त्या कौतुकाचाही राग यायचा.

आता या वयात सांगते, जळणं पोटात एका जागी बसून राहत नाही. आज तिच्या पुस्तकावर, उद्या तिच्या चपलेवर, परवा ती झोपेत कूस वळते त्यावर. इथल्या वसतिगृहात मुली एकमेकींवर जळताना मला लगेच कळतात. तोंड गप्प असतं आणि भांडी जरा जास्त आपटली जातात. मी त्यांना काही शिकवायला जात नाही. भाजी वाढताना त्या मुलीच्या ताटात थोडी जास्त पडेल एवढं बघते.

शकूताई दहावी पास झाली आणि पुढच्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा सेलूकडचा, शाळेवर मास्तर, बोलायला हळू आणि दिसायला बरा. मुलगी दहावी झालेली पाहिजे, ही त्यांची एकच अट होती. बायका ओट्यावर बसून येसराचा मसाला भाजत होत्या, घरभर धन्या-खोबऱ्याचा वास सुटला होता, आणि कुणीतरी सहज म्हणालं, कौसा बी आता लग्नाचीच हाय की. त्यावर मावशी म्हणाली, तिला इतक्यात कुठं, ती गेल्यावर मी काय करू. बायका हसल्या. मी पाट्यावरचं वाटण जरा जोरात ओढलं. माझं लग्न व्हावं असं मला मुळीच वाटत नव्हतं, तरी त्या हसण्यानं पुढचं सगळं आयुष्य कुणीतरी माझ्यासमोर घडी घालून ठेवल्यासारखं वाटलं. मावशीची कंबर, काकांचे डबे, आणि मी.

या दाजींच्या डोक्यात एक खूळ होतं. त्यांची सख्खी आत्या चिखलदऱ्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळायची. लहानपणी ते तिच्याकडं एकदा गेले होते आणि तिथं डोंगराच्या कड्यावरून उगवता सूर्य पाहिला होता. तो आपल्या बायकोला दाखवायचा, असं त्यांनी लग्नाआधीपासून ठरवलं होतं. घरात हे उघड बोलायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी सांगितलं, की आत्याला लग्नाला येता आलं नाही, तर आपण नवरा-नवरीनं जाऊन पाया पडून येऊ. दोन्हीकडच्या मोठ्यांना ते पटलं. इतकं पटलं, की पुढचं त्यांनी आपल्या डोक्यानं ठरवून टाकलं.

आमच्याकडं नवी नवरी सासरी पहिल्यांदा जाते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एक मुलगी जाते. तिला पाठराखीण म्हणतात. नवरीला परक्या घरात बुजल्यासारखं होऊ नये म्हणून ती तिच्याजवळ राहते, तिच्याशेजारी जेवते, आणि माहेरचा मुराळी न्यायला आला की तिच्याबरोबरच माहेरी परतते. शकूताईची पाठराखीण मीच होते. सेलूला सत्यनारायण झाला आणि चिखलदऱ्याचं निघालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोरगी अजून नवी हाय, पाठराखीण संगं जाऊ द्या. मावशीनंही निरोप पाठवला, कौसाला म्हनावं तिला सोडून इकडं तिकडं हलू नको. दाजींचा चेहरा मला आजही दिसतो. शाळेत पोरांना गप्प करणारा तो माणूस आईसमोर नुसता मान हलवत उभा होता. नव्या बायकोला सूर्योदय दाखवायला निघालेला नवरा आणि मधे मी. आज इथं येणारी जोडपी गाडीतून उतरतात, हात धरून फोटो काढतात, ते बघून मला आमची ती तिघांची वरात आठवते आणि भांडी घासता घासता एकटीच हसते.

तेव्हा मात्र हसू येत नव्हतं. पूर्णेला गाडी बदलून आम्ही छोट्या रुळाच्या गाडीत बसलो. मला वाटायचं, मावशीनं सांगितलंय तर सोडायचं नाही; म्हणून मी शकूताईच्या आणि दाजींच्या मधे बसले. दाजी खिडकीशी गेले की मी शकूताईला अलीकडं ओढायची. तिच्या हातातला हिरवा चुडा गाडीच्या प्रत्येक धक्क्याला वाजायचा आणि तो आवाज माझ्या कानात जायचा. काकांनी तिला तांबड्या लोकरीचा नवा स्वेटर घेऊन दिला होता, माझ्या अंगावर काकांची शाल, पिठाच्या वासाची. अकोल्याहून एसटीनं परतवाड्याला आलो, तिथं दाजींनी संत्री घेतली. एक संत्रं त्यांनी सोललं, शिरा काढून फोडी वेगळ्या केल्या आणि शकूताईच्या हातावर ठेवल्या. मग दुसरं संत्रं मला दिलं. अख्खं, सालीसकट. त्यांच्या मनात काही नव्हतं, उलट मला मोठं बघून दिलं होतं. पण मी ते संत्रं सबंध घाट तसंच मुठीत धरून बसले. शकूताईला वळणावळणाला मळमळायला लागलं, तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, आणि मला आतून बरं वाटलं. सोललेल्या फोडी तिला पचल्या नाहीत म्हणून.

वसतिगृहाच्या फाटकाशी आत्याबाई उभ्या होत्या. उंच, रुंद हाडाच्या, डोक्याला मफलर गुंडाळलेला, हाताला कणीक. तिघांना खालून वर बघितलं आणि दाजींना विचारलं, "ही कोन?"

"पाठराखीण," दाजी म्हणाले.

आत्याबाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. "आरं, नवरी फिरवायला आलास का कैदी? संगं शिपाई घेऊन आलास."

दाजी लाल झाले, शकूताईही हसली, आणि मी त्या दोघींच्या हसण्यावर जळून बोचकं उचललं. आत्याबाईंनी मला आपल्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून, अंथरूण घालून दिलं. मी म्हटलं, मला ताईजवळच झोपायला सांगितलंय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, मी सांगते ते आईक, हितं वाघाची भीती हाय, तू माझ्यापाशी झोप, मला सोबत व्हईल. एवढी धिप्पाड बाई मला सोबतीला मागते, हे खरं धरण्याइतकी मी तेव्हा भोळी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती घंटेनं. शकूताईच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं, आत कुणी नाही. ते दोघं मला न उठवता सूर्य बघायला गेले होते. मी दारात उभी राहिले तेव्हा माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, मावशीला काय सांगू. दुसरी, मला का नाही नेलं. पहिली मी आत्याबाईंना सांगितली. दुसरी सांगितली नाही, तरी त्यांना कळली असावी. त्या म्हणाल्या, उभी राहून काय करतीस, माझी भाकरीवाली बाई तापानं पडलीय, ये, हात लाव.

ते स्वयंपाकघर आजही तसंच आहे, फक्त चुलीच्या जागी गॅस आला. तेव्हा तीन तोंडांची मोठी चूल होती, वर एवढा मोठा तवा की एका वेळी चार भाकरी पडाव्यात. मेळघाटातल्या कोरकू गावांमधून आलेल्या मुली तिथं राहून शिकायच्या. मी परातीत पीठ घेतलं, ऊन पाण्यानं मळलं आणि थापायला बसले. मागचं दार उगवतीला होतं. बाहेरच्या ओसरीवर मुली घोंगड्या पांघरून वाचत बसल्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघत होती आणि धडाही. एक मुलगी कविता म्हणत होती. मला ती येत होती. माझी शाळा सुटली त्या आठवड्यात ती शिकवायला घेतली होती. ती मुलगी एका ओळीवर थांबली आणि मी भाकरी तव्यावर टाकता टाकता पुढची ओळ मोठ्यानं म्हटली. तिनं मागं वळून बघितलं, पुढच्या दोन ओळी म्हटल्या आणि पुन्हा थांबली, या वेळी मुद्दाम. मग आम्ही दोघींनी ती कविता पुरी केली. तेवढ्यात दारातून ऊन आलं, माझ्या परातीवर, तिच्या पुस्तकावर. ज्याच्यासाठी आम्ही इतक्या लांब आलो होतो तो सूर्य मी पहिल्यांदा असा पाहिला, हाताला पीठ, पाठीला चूल.

शकूताई आणि दाजी परतले ते कुडकुडत आणि भांडत. वाटेत कुणाला तरी पॉइंट कुठं म्हणून विचारलं, त्यानं सगळे प्रवासी जातात तिकडं बोट दाखवलं, आणि ते मावळतीच्या कड्यावर जाऊन बसले. समोरची दरी हळूहळू उजळली, सूर्य पाठीमागं टेकडीआडून वर येऊनही गेला. शकूताई म्हणाली, मास्तर, तुमच्या शाळंत सूर्य कुनीकडं उगवतो. दाजी म्हणाले, लहानपणी आत्यानं हात धरून नेलं होतं, मला काय ठावं. मी त्यांना चहा दिला. माझा जीव थोडा थंड झाला होता, हे लपवत नाही.

त्याच दुपारी आत्याबाई तांदूळ निवडता निवडता मला म्हणाल्या, "राहतीस का हितं? भाकरीवाली आता यायची न्हाई, तिची लेक तिला न्यायलीय. तुजा हात चांगला हाय. खोली हाय, पगार हाय, पोरींच्या संगं बसून वाचलंस तर कुनी न्हाई म्हनायचं न्हाई."

मी तांदळातला खडा हातात धरून बसले. मला ते इतकं हवं होतं, की माझी मान आपोआप हलेल अशी भीती वाटली. पण ते होणार कसं. मी पाठराखीण. नवरीबरोबर निघालेली मुलगी नवरीबरोबरच परत जाते. दोघी गेल्या आणि एकच परत आली तर सेलूत काय बोलतील, पाथरीत काय बोलतील. पोरगी पळाली म्हणतील, दिली म्हणतील, विकली म्हणतील. ते बोल माझ्यावर नसते आले, मी इथं लांब; ते सगळे नव्या नवरीच्या पदरात पडले असते. आणि मावशीची कंबर. रोज संध्याकाळी तिला तेल लावणारं कोण. मी आत्याबाईंना सांगितलं, मला जमायचं न्हाई. त्या म्हणाल्या बरं. दिवसभर मी शकूताईशी धड बोलले नाही. ती पाथरी सोडून जाऊ शकत होती, तिला घर होतं, नवरा होता, दहावीचा कागद होता, आणि माझ्या वाटेत उभी होती तीही तीच.

संध्याकाळी दाजींना शिंका सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते गोधडीतून नाक बाहेर काढायला तयार होईनात. शकूताई म्हणाली, मी बगणारच, इतक्या लांब आले. आत्याबाईंनी आम्हा दोघींना बरोबर वाट सांगितली. आम्ही फुटक्या रस्त्यानं, गवतावरचं दव तुडवत गेलो. उगवतीच्या कड्यावर दुसरं कुणी नव्हतं. खाली धुरकट दरी, पलीकडं डोंगरांच्या एकामागं एक रांगा, आणि वर नुसता तांबूसपणा. आम्ही एका दगडावर टेकलो. तिनं आपल्या स्वेटरचा हात माझ्या पाठीमागून टाकला. मी जरा सरकून बसले.

"कौसा, तुला एक सांगू," ती म्हणाली. "तुजा लय राग येतो मला."

राग यायचा हक्क माझा, असंच मी इतके दिवस धरून चालले होते.

"मी शाळेतून आले की आई तुला विचारायची, शकूला भूक लागली आसंल का गं. मी समोर उभी आन् विचारायची तुला. तिच्या कमरेला तेल तू लावायचीस. तिला आंबट चालतं का न्हाई, गोळी कवा द्यायची, समदं तुला ठावं. मी लावते म्हनलं तर म्हनायची, तू अभ्यास कर. लग्नात मी निघाले तवा आई कुनाच्या गळ्यात पडून रडली?"

माझ्या. ते खरं होतं. मांडवात मावशीला उभं राहवत नव्हतं, मी धरलं होतं तिला, म्हणून. पण शकूताई गाडीत बसून ते बघत होती, हे मला माहीत नव्हतं.

"आता तू परत जाशील," ती म्हणाली. "आईच्या अंथरुणाशेजारी तुजं अंथरूण. मी सणासुदीला येनार, पावनी. तू मला चहा देशील."

"मग तू घे की," मी म्हणाले. "कंबर घे, तेल घे, डबे घे, समदं घे. मला तुजी शाळा पायजे व्हती. तुज्या रिबिनी धुता धुता माजी बोटं निळी झाली."

"मला काय म्हाईत? तू कवा बोललीस?"

"कुनाला बोलू? मावशी पडलेली."

आणि मग आम्ही दोघी बोलत राहिलो, एकमेकींच्या तोंडातून शब्द ओढून घेत. कोण कुणाचं काय खाऊन गेलं, कुणाला कधी काय मिळालं, मावशीनं कुणाला आधी हाक मारली. लहान पोरींसारखं भांडलो. भांडता भांडता तिनं डोळे बारीक केले, मी तिच्याकडं बघितलं तर तिचा चेहरा उन्हानं भरलेला. वळून पाहिलं, सूर्य डोंगराच्या चांगला वर आला होता. कधी आला, दोघींनाही कळलं नाही. शकूताई कपाळावर हात मारून हसायला लागली. म्हणाली, एवढ्या लांबून आलो, दोनदा आलो, आन् दोनदा बी हुकला. मीही हसले. हसता हसता रडायला आलं तेव्हा तिनं मला जवळ घेतलं, या वेळी मी सरकले नाही.

मग ती म्हणाली, "आत्याबाई काल मला बोलल्या. तू राहा हितं."

"नवरी एकटी परत जात न्हाई."

"एकटी कुठं, नवरा हाय."

"तुला बोलतील समदे."

"बोलू दे."

"आन् मावशी?"

"आईचं मी बगीन. तेवढं तरी मला करू दे की आता." मग म्हणाली, "मी मोठेपणा करायलेय आसं समजू नको, कौसा. मला तू त्या घरात नको हायेस."

माझ्याशी इतकं खरं त्याआधी कुणी बोललं नव्हतं. इथं येणाऱ्या बाया म्हणतात, मावशी, तुमच्या बहिणीचं मन किती मोठं. मी हो म्हणते. पण आत मला माहीत आहे, मोठ्या मनानं दिलं असतं तर मला घेता आलं नसतं. मान खाली घालून मी परत गेले असते. तिनं जळून दिलं, म्हणून मी घेऊ शकले.

एसटीत बसताना दाजी घाबरले होते. आईला काय सांगू, एवढंच विचारत होते. शकूताई म्हणाली, तुमी गप बसा, मी सांगते, मीच ठेवलं तिला. गाडी निघाली तेव्हा तिच्या शेजारची जागा रिकामी होती, कारण दाजी सवयीनं मधली जागा सोडून बसले होते. त्या रिकाम्या जागेवर तिनं बोचकं ठेवलं. मी गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले आणि त्याही वेळी माझ्या मनात आलं, ती आता मावशीकडं चालली. मी स्वतःहून सोडलेल्या घरावर लगेच जळायला लागले होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं, काही काकांकडून, काही फार वर्षांनी दाजींकडून. काका मुराळी म्हणून सेलूला गेले तर दारात एकच मुलगी. सासरच्या बायका म्हणाल्या, पाठराखीण कुठं विकून आलीस गं. शकूताई म्हणाली, शाळेत ठेवून आले. त्यावर आणखी हसल्या. कुठलंही लग्न असो, बारसं असो, घरात पाहुणे बसले की ती गोष्ट निघायची आणि ती पदर सावरून वाढत राहायची. मावशी पुष्कळ दिवस तिच्याशी बोलली नाही. माझे हात घालवून आलीस, असं म्हणाली. काका मला न्यायला इथं आले होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली, ओसरीवर मुलींमधे बसून मी वाचत होते ते बघितलं, आणि उठताना भुवया पुसून विचारलं, राहतीस? मी म्हटलं, व्हय. गावाकडं माझ्या वडलांना त्यांनीच समजावलं. पण शकूताईला समजावून सांगणारं तिकडं कुणी नव्हतं. दर सुट्टीला ती सेलूहून पाथरीला जायची, सासूचं तोंड वाकडं असताना, कडेवर पोर घेऊन. मावशीच्या कमरेला तेल लावायची. मावशी आधी तोंड भिंतीकडं करायची, मग हळूहळू तिच्या हाताची सवय झाली.

मी पुन्हा शाळेत काही गेले नाही. चुलीपुढून सुटका मिळाली नाही, पण वाचायला मिळालं. इतक्या वर्षांत इथल्या मुलींबरोबर मी सगळ्या इयत्तांचे धडे पाठ केले, कागद एकाही इयत्तेचा नाही. त्याचं दुःख आता करत नाही. मावशीची शेवटची वर्षं शकूताईच्या घरी गेली. ती गेली तेव्हा तिचं डोकं शकूताईच्या मांडीवर होतं. मी निरोप मिळताच निघाले, तरी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. शकूताईनं मला सांगितलं, शेवटी आई तुजंच नाव घेत व्हती. तिनं ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं का खरं होतं, मला आजवर कळलेलं नाही. खरं असेल तर ते सांगताना तिला काय वाटलं असेल, याचा विचार करते आणि मग झोप लागत नाही. आणि तरीही, त्या मांडीवर मी आजही जळते. या वयात. त्याला काही इलाज नाही.

आता दाजी नाहीत. शकूताईचे गुडघे धरलेत, मुलगा तिला इकडं तिकडं नेतो, पण ती फोनवर म्हणते, सगळीकडं सामानासारखं ठेवल्यासारखं वाटतं. छोट्या रुळाची ती गाडी कधीच बंद झाली. पाय माझेही पहिल्यासारखे नाहीत आणि घाटातली गाडी म्हटलं की अलीकडं छातीत धडधडतं. पण मी ठरवलं आहे. थंडी पडली की मी सेलूला जाणार, तिला घेऊन इथं येणार, माझ्या खोलीत ठेवून घेणार, पोटभर भांडणार. सूर्य दिसला तर दिसला. आणि परत निघताना तिला मुलाच्या गाडीत घालून देणार नाही. एसटीत तिच्या शेजारी बसेन, मळमळलं तर खांदा देईन, सेलूला उतरून तिच्या दारापर्यंत तिच्या मागोमाग जाईन. गल्लीतल्या ज्या कुणी म्हाताऱ्या उरल्या असतील त्यांना बघू दे, शकूची पाठराखीण आली म्हणून. शकूताई, ही परतीची वाट तुझी माझ्याकडं राहिली आहे. ती मी पुरी करीन.